स्नायुतंतूंचे प्रकार आणि स्नायूंतील संवेदी ग्राही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्नायू म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ताकद येते. परंतु स्नायू हा जितका काम करणारा अवयव आहे, तितकाच तो जाणणारा अवयवही आहे, आणि या दोन्ही बाजू घडवण्याचे काम चेतासंस्था करते. 'जलद' आणि 'मंद' तंतूंबद्दल भरपूर लिहिले-बोलले जाते, त्या मानाने स्नायूच्या जाणिवेबद्दल फार कमी सांगितले जाते. म्हणून या पानावर दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

स्नायुतंतू म्हणजे नेमके काय?

हाडांना जोडलेल्या स्नायूतील एक पेशी म्हणजे एक स्नायुतंतू. ही पेशी इतर पेशींसारखी लहान व गोल नसते, तर लांब दोऱ्यासारखी असते. तिची जाडी साधारण १० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे केसाइतकी किंवा त्याहून कमी असते, पण लांबी कित्येक सेंटिमीटर भरू शकते. गर्भावस्थेत अनेक पेशी एकमेकींत विलीन होऊन एक तंतू तयार होतो, त्यामुळे एकाच तंतूत शेकडो केंद्रके आढळतात. तंतूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकाआड एक रचलेले असतात. आकुंचनाच्या वेळी हे धागे स्वतः आखडत नाहीत, तर एकमेकांवरून सरकतात. ही गोष्ट १९५४ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी एकाच वेळी मांडली. योगायोग असा की दोन्ही गटांत हक्स्ले आडनावाचे एकेक शास्त्रज्ञ होते, आणि ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

तंतूंचे प्रकार कशावरून ठरवतात, आणि माणसात ते किती आहेत?

आज प्रकार ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा निकष म्हणजे तंतूतील मायोसिनचा जड रेणू. मायोसिनचे डोके एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, रेणू फोडते आणि त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर ॲक्टिनचा धागा ओढते. हे फोडण्याचे काम किती वेगाने होते, यावर तंतू किती वेगाने आखडेल हे अवलंबून असते. मायोसिनच्या जड रेणूची अनेक रूपे आहेत आणि प्रत्येक रूपाचे जनुक वेगळे आहे.

प्रौढ माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत मुख्यतः तीन प्रकार आढळतात : प्रकार १ म्हणजे मंद तंतू, प्रकार २ए म्हणजे जलद पण बऱ्यापैकी चिवट तंतू, आणि प्रकार २एक्स म्हणजे सर्वांत जलद व लवकर थकणारे तंतू. जुन्या पुस्तकांत तिसऱ्या प्रकाराला '२बी' म्हटलेले दिसते. उंदरांसारख्या लहान प्राण्यांत २बी हा खरोखरच वेगळा आणि आणखी जलद प्रकार आहे. त्याचे जनुक माणसातही आहे, पण आपल्या हातापायांच्या स्नायूंत त्यापासून प्रथिन तयार होताना आढळत नाही. रंगद्रव्यांच्या चाचणीत ज्यांना २बी समजले जात होते, ते माणसाचे तंतू मायोसिन तपासल्यावर २एक्स निघाले. त्यामुळे माणसाबद्दल बोलताना २बी हे नाव आता सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच तंतूत दोन प्रकारची मायोसिने एकत्र नांदत असल्याचेही पुष्कळदा दिसते. प्रकारांच्या सीमा आपण अभ्यासाच्या सोयीसाठी आखल्या आहेत. प्रत्यक्ष स्नायूत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग श्रेणी असते.

मंद आणि जलद तंतूंमध्ये वेगाखेरीज काय फरक असतो?

मंद तंतूंची सगळी रचना दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी असते. त्यांच्यात तंतुकणिका (पेशीतील ऊर्जा तयार करणारे घटक) जास्त, भोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट, आणि ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन भरपूर असते. मायोग्लोबिनमुळेच ते लालसर दिसतात. मेद आणि ग्लुकोज ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळून ते सतत एटीपी मिळवत राहतात. २एक्स तंतूंमध्ये या गोष्टी कमी असतात, पण ग्लायकोजेन (साठवलेली साखर) झपाट्याने मोडून ऑक्सिजनची वाट न पाहता एटीपी मिळवण्याची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, मुबलक असतात. २ए तंतूंमध्ये दोन्ही व्यवस्था चांगल्या असतात.

कॅल्शियमची हाताळणीही वेगळी असते. तंतू आखडतो तो आतील कोठारातून कॅल्शियम सुटल्यावर, आणि सैल पडतो तो ते कॅल्शियम परत कोठारात ओढून घेतल्यावर. जलद तंतूंमध्ये कॅल्शियम परत ओढणारे पंप संख्येने जास्त असतात, म्हणून ते आखडतात लवकर आणि सैलही लवकर पडतात. एका विद्युत्-संदेशाला उत्तर देताना मंद तंतूंना कमाल ताणापर्यंत पोहोचायला साधारण एक दशांश सेकंद लागतो, जलद तंतूंना त्याच्या निम्म्याच्या आसपास.

एका गैरसमजाबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. जलद तंतू म्हणजे जास्त ताकदवान तंतू, असे सर्रास म्हटले जाते. समान जाडीचे तंतू घेऊन मोजल्यास दोहोंनी निर्माण केलेल्या ताणात फारसा फरक नसतो. खरा फरक आहे तो वेगाचा, आणि शक्ती म्हणजे बल व वेग यांचा गुणाकार असल्यामुळे शक्तीचा.

कोणत्या स्नायूत कोणते तंतू जास्त असतात?

बहुतेक स्नायूंत सगळे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. स्नायूच्या आडव्या छेदाला योग्य रंगद्रव्य दिले की सूक्ष्मदर्शकाखाली गडद आणि फिकट बहुकोनी ठिपक्यांची नक्षी दिसते. कुठलाही क्रम नसलेली ही नक्षी निरोगी स्नायूची खूण मानली जाते. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

प्रमाण मात्र कामानुसार बदलते. पोटरीतील खोलवरचा सोलियस स्नायू आपण उभे असेपर्यंत कामावर असतो, आणि त्यात सुमारे ८० टक्के तंतू मंद असतात. पापणी मिटणाऱ्या स्नायूत याच्या उलट, जलद तंतूंचे प्राबल्य असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दोन्ही प्रकार सरासरीने जवळपास निम्मे-निम्मे असतात, पण व्यक्तीव्यक्तींत इतका फरक पडतो की सरासरीवरून एखाद्या माणसाविषयी काहीही सांगता येत नाही.

तंतूचा प्रकार ठरवतो कोण?

माझ्या मते या संपूर्ण विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे पहिले ठोस उत्तर १९६० साली मिळाले. जॉन एक्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या पायातील एका जलद आणि एका मंद स्नायूकडे जाणाऱ्या चेता कापून त्यांची अदलाबदल केली, म्हणजे मंद स्नायूची चेता जलद स्नायूला जोडली आणि जलद स्नायूची मंद स्नायूला. चेता पुन्हा रुजल्यावर जलद स्नायू मंद होऊ लागला आणि मंद स्नायू जलद. स्नायू तेच होते, फक्त त्यांना संदेश देणारा बदलला होता.

मग प्रश्न आला की चेता नेमके काय देते : एखादे रसायन, की संदेशांची लय? १९६९ साली सॅमन्स आणि व्र्बोव्हा यांनी जलद स्नायूच्या चेतेला बाहेरून, मंद चेतापेशीच्या लयीत, दीर्घकाळ सौम्य विद्युत्-उत्तेजन दिले आणि स्नायू मंद होत गेला. म्हणजे बदलाचा मोठा भाग लयीमुळेच घडतो. आज यामागची साखळी बरीचशी उलगडली आहे. सतत येणाऱ्या संदेशांमुळे तंतूतील कॅल्शियमची पातळी दीर्घकाळ किंचित वाढलेली राहते, तिच्यामुळे काही विकरे जागी होतात, आणि ती केंद्रकात मंद मायोसिनच्या व तंतुकणिकांच्या जनुकांना चालना देतात.

अर्थात जन्मजात गुणांचाही वाटा आहेच. जलद तंतूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचे प्रथिन असते, आणि जगातील साधारण सहा माणसांत एकाच्या शरीरात ते जनुकीय कारणाने मुळीच तयार होत नाही. अशा व्यक्ती पूर्णपणे निरोगी असतात, मात्र अव्वल दर्जाच्या वेगवान धावपटूंमध्ये त्यांचे प्रमाण अगदी कमी आढळते.

मेंदू जलद किंवा मंद तंतू निवडून वापरू शकतो का?

आपण समजतो तसा नाही. मेरुरज्जूतील एक प्रेरक चेतापेशी आणि ती चालवत असलेले सगळे तंतू मिळून एक प्रेरक एकक होते; ही संज्ञा लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२५ साली रूढ केली. एका एककातील सर्व तंतू साधारणतः एकाच प्रकारचे असतात आणि ते एकत्रच काम करतात. डोळा वळवणाऱ्या स्नायूंत एका एककात जेमतेम दहाच्या आसपास तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत ही संख्या हजाराच्या वर जाते.

एल्वुड हेनेमन यांनी दाखवून दिले की चेतापेशी आकाराच्या क्रमाने कामावर येतात. लहान चेतापेशीला उत्तेजित करायला थोडा विद्युत्-प्रवाह पुरतो, मोठीला जास्त लागतो. लहान चेतापेशी बहुधा मंद तंतूंच्या असतात आणि मोठ्या जलद तंतूंच्या. त्यामुळे हलकी वस्तू उचलताना मंद तंतू पुरेसे होतात. भार वाढत गेला की त्यांच्या जोडीला २ए आणि अखेरीस २एक्स येतात. ही व्यवस्था फार सुंदर आहे, कारण मेंदूला हजारो तंतूंची हजेरी घ्यावी लागत नाही. त्याने फक्त जोर वाढवायचा. कोणी कधी उठायचे हे चेतापेशींच्या आकारानेच ठरलेले असते. झटक्यात केलेल्या हालचालीतही हा क्रम सहसा मोडत नाही, फक्त सगळी एकके काही मिलिसेकंदांत एकामागून एक कामाला लागतात.

व्यायामाने तंतूंचा प्रकार बदलतो का?

जलद तंतूंमधील आपापसांतला बदल निश्चित आणि सहज होतो. नियमित व्यायाम, मग तो वजन उचलण्याचा असो वा धावण्याचा, २एक्स तंतूंना २ए कडे नेतो. व्यायाम पूर्ण बंद केला की २एक्सचे प्रमाण पुन्हा वाढते. प्रकार २ चे प्रकार १ मध्ये किंवा उलट रूपांतर होणे प्रौढ माणसाच्या नेहमीच्या व्यायामात मर्यादित असते. मेरुरज्जूला इजा होऊन संदेश कायमचे थांबतात, तेव्हा मात्र मंद तंतू घटत जाऊन स्नायू जलद प्रकाराकडे, विशेषतः २एक्सकडे झुकतो. वरच्या प्रयोगांतून दिसलेल्या गोष्टीचाच हा दुःखद पुरावा आहे.

प्रकार न बदलताही तंतू खूप बदलू शकतो. सहनशक्तीच्या व्यायामाने सर्वच तंतूंत तंतुकणिका वाढतात, ताकदीच्या व्यायामाने तंतू जाड होतात, आणि जाड होण्याची क्षमता जलद तंतूंत अधिक असते. त्यामुळे 'माझे तंतूच तसे आहेत' म्हणून कोणीही हातपाय गाळू नयेत.

वयोमानाने काय होते?

प्रेरक चेतापेशी हळूहळू कमी होतात. जी चेतापेशी मरते तिचे तंतू पोरके होतात, आणि शेजारची जिवंत चेतापेशी नवी शाखा धाडून त्यांतील काहींना दत्तक घेते. असे बहुधा मंद चेतापेशी करते, आणि दत्तक गेलेला तंतू नव्या चेतेच्या प्रकारात बदलतो. वर उल्लेखलेली विस्कटलेली नक्षी मग बदलते आणि एकाच रंगाच्या तंतूंचे पुंजके दिसू लागतात. ज्यांना कोणीच दत्तक घेत नाही ते तंतू नष्ट होतात. शिवाय उरलेले जलद तंतू मंद तंतूंपेक्षा जास्त बारीक होतात. तोल जाताना चटकन पाऊल टाकायला जलद तंतू लागतात, म्हणून वृद्धापकाळी ताकदीपेक्षाही झटपटपणा आधी कमी होतो, आणि पडण्याचा धोका वाढतो.

माझ्या शरीरात कोणते तंतू जास्त आहेत, हे चाचणीशिवाय कळेल का?

नाही. त्यासाठी सुईने स्नायूचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि तो तुकडाही त्या एका स्नायूच्या त्या एका जागेबद्दलच सांगतो. उड्या मारून किंवा वजन उचलून प्रकार ओळखण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांतून कामगिरी कळते, तंतू कळत नाहीत.

स्नायूंमध्ये कोणकोणते संवेदी ग्राही असतात?

मुख्य तीन. स्नायूची लांबी आणि ती बदलण्याचा वेग कळवणारे स्पिंडल, स्नायूने निर्माण केलेला ताण कळवणारे गॉल्जी कंडरा-अवयव (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग), आणि दाब, रासायनिक बदल, उष्णता व वेदना टिपणारी मोकळी चेताग्रे. यांच्याकडून माहिती नेणाऱ्या चेतातंतूंनाही जाडीनुसार क्रमांक दिलेले आहेत : स्पिंडलसाठी गट १ए आणि गट २, कंडरा-अवयवासाठी गट १बी, मोकळ्या चेताग्रांसाठी गट ३ आणि ४. हे आकडे चेतातंतूंचे आहेत, स्नायुतंतूंच्या प्रकार १ व २ शी त्यांचा काहीही संबंध नाही. विद्यार्थी इथे हमखास घोटाळा करतात, आणि दोष त्यांचा नसून नावे देणाऱ्यांचा आहे.

स्पिंडलची रचना कशी असते?

स्पिंडल म्हणजे सूत कातण्याची चाती. दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असा हा अवयव काही मिलिमीटर लांबीचा असतो व नेहमीच्या स्नायुतंतूंना समांतर बसवलेला असतो. स्नायू ताणला गेला की तोही ताणला जातो. त्याच्या द्रवाने भरलेल्या आवरणात काही छोटे, विशेष स्नायुतंतू असतात. त्यांतील दोन-तीन तंतूंची केंद्रके मध्यभागी पिशवीत भरल्यासारखी गोळा झालेली असतात, म्हणून त्यांना पिशवी-तंतू म्हणतात. उरलेल्या, आखूड व बारीक तंतूंमध्ये ती एका ओळीत असतात, ते साखळी-तंतू. हे तंतू फक्त टोकांना आखडू शकतात. मधला भाग जाणिवेसाठी राखीव असतो.

या मधल्या भागाभोवती गट १ए च्या चेतातंतूचे टोक स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेले असते. स्नायू ताणला जात असताना हे टोक विशेष जोरात संदेश पाठवते, म्हणजे त्याला लांबीसोबत लांबी बदलण्याचा वेगही कळतो. बाजूला असलेली गट २ ची टोके मुख्यतः स्थिर लांबी सांगतात. माणसाच्या शरीरात असे सुमारे ५०,००० स्पिंडल असावेत असा अंदाज आहे. मानेच्या खोलवरच्या छोट्या स्नायूंत आणि हाताच्या पंज्यातील स्नायूंत ते दाट असतात, तर चेहऱ्याच्या हावभावांच्या स्नायूंत ते जवळजवळ नसतात.

गॅमा चेतापेशींची गरज काय?

समजा, स्नायू आखडला. समांतर बसवलेला स्पिंडल आता ढिला पडेल, आणि ढिल्या दोरीला ताण कळत नाही. स्नायू काम करत असताना, म्हणजे जाणिवेची सर्वाधिक गरज असताना, स्पिंडल मुका होईल. तसे होऊ नये म्हणून स्पिंडलच्या तंतूंना स्वतःच्या प्रेरक चेतापेशी आहेत, त्यांना गॅमा म्हणतात. त्या स्पिंडलची टोके आखडवतात आणि मधला भाग पुन्हा ताणलेला राहतो. या बारीक चेतातंतूंचे कार्य लार्स लेक्सेल यांनी १९४५ साली स्पष्ट केले.

काही काळ असे मानले जात होते की मेंदू आधी गॅमामार्फत स्पिंडलला चेतवतो आणि त्याच्या प्रतिसादातून मग स्नायू आखडतो. स्वीडनमध्ये हागबार्थ आणि वालबो यांनी जाग्या माणसाच्या चेतेत बारीक सुई घालून एकेका चेतातंतूचे संदेश टिपण्याचे तंत्र विकसित केले, तेव्हा दिसले की स्नायूची हालचाल सुरू झाल्यावर स्पिंडलचा संदेश वाढतो, आधी नव्हे. म्हणजे मेंदू दोघांनाही एकदमच आज्ञा देतो. लेक्सेल यांचे काम जितके मोलाचे, तितकेच एक आकर्षक कल्पना मोडून काढणारे हे कामही मला मोलाचे वाटते.

गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय का उडतो?

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर ठोका बसला की मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. त्यातील अनेक स्पिंडल एकाच वेळी संदेश पाठवतात. गट १ए चे तंतू मेरुरज्जूत शिरून थेट त्याच स्नायूच्या प्रेरक चेतापेशींना भेटतात, मध्ये दुसरी एकही चेतापेशी नसते. ठोक्यापासून सुमारे २० ते २५ मिलिसेकंदांत स्नायूत विद्युत्-प्रतिसाद उमटतो. त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला गप्प बसवणारा संदेशही जातो, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांशी झगडले असते. या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे केले. तपासताना प्रतिसाद मिळाला नाही तर डॉक्टर दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगतात. त्याने मेरुरज्जूतील चेतापेशी अधिक तत्पर होतात आणि पाय उडतो.

गॉल्जी कंडरा-अवयव स्नायूला तुटण्यापासून वाचवतो, हे खरे का?

या समजाची दुरुस्ती व्हायला हवी. स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथे हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा अवयव असतो. त्यात कोलॅजेनच्या वेणीत चेताग्रे गुंतलेली असतात, आणि दहा-वीस स्नायुतंतू त्याच्याशी एका रांगेत जोडलेले असतात. तंतू आखडले की वेणी आवळते आणि चेताग्रे दाबली जातात. हे तंतू वेगवेगळ्या प्रेरक एककांचे असल्यामुळे एकच अवयव अनेक एककांच्या कामाचा नमुना घेतो.

पूर्वी समज असा होता की हा अवयव फक्त प्रचंड ताणालाच प्रतिसाद देतो आणि स्नायूला सोडायला लावतो. १९६० च्या दशकात हूक आणि हेनेमन यांनी दाखवले की आखडणाऱ्या स्नायूच्या अगदी थोड्या बलालाही तो प्रतिसाद देतो. म्हणजे तो आणीबाणीची घंटा नाही, तर सतत चालू असलेला मापक आहे. स्थिर बसलेले असताना त्याचा परिणाम स्नायूला आवरण्याचा असतो, पण चालताना, भार पायावर असताना, तोच संदेश स्नायूचे काम वाढवतो. म्हणून स्ट्रेचिंगमध्ये 'गॉल्जी अवयव जागा झाला आणि स्नायू सैल पडला' असे जे ठरावीक स्पष्टीकरण दिले जाते, ते मान्य करणे कठीण आहे. ताणून धरण्याची सवय झाल्यावर माणसाला तो ताण सहन होऊ लागतो, हे त्यामागचे अधिक पटणारे कारण आहे.

मोकळ्या चेताग्रांचे काम फक्त दुखणे जाणवण्याचे आहे का?

नाही. गट ३ आणि ४ चे बारीक तंतू स्नायूतील रासायनिक स्थितीची खबर देतात आणि त्यावरून हृदयाचे ठोके, रक्तदाब व श्वास जुळवून घेतले जातात. १९३७ साली आलम आणि स्मर्क यांनी केलेला प्रयोग साधा होता : व्यायाम संपण्याआधी हाताचा वा पायाचा रक्तप्रवाह पट्ट्याने रोखला, तर व्यायाम थांबल्यानंतरही वाढलेला रक्तदाब खाली येत नाही, कारण साचलेली रसायने तिथेच राहून चेताग्रांना डिवचत असतात. गट ४ चे तंतू फार संथ आहेत, सेकंदाला साधारण एक मीटर. म्हणूनच पायाला ठेच लागली की आधी धक्का कळतो आणि ठणका मागाहून येतो. त्वचेतही अशीच बारीक तंतूंची व्यवस्था असते.

डोळे मिटल्यावरही हात कुठे आहे हे कसे कळते?

त्यात सर्वांत मोठा वाटा स्पिंडलचा आहे, जोडीला सांध्यांवरील त्वचेचाही. हे १९७२ साली गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांच्या प्रयोगांतून ठळकपणे पुढे आले. दंडाच्या बायसेप्स स्नायूच्या कंडरेवर सेकंदाला सुमारे १०० वेळा कंपणारे यंत्र धरले, तर १ए तंतू त्या लयीत संदेश पाठवतात. मेंदू त्याचा अर्थ 'स्नायू लांबतो आहे' असा घेतो, आणि डोळे बांधलेल्या माणसाला आपला कोपर सरळ होत असल्याचा भास होतो, वास्तविक हात होता तिथेच असतो.

ताण विद्युत्-संदेशात बदलणारे मुख्य प्रथिन पिझो-२ आहे. पिझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पातापुतियान यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतः निकामी असते, त्यांची ताकद शाबूत असूनही डोळे मिटताच त्यांना चालणे किंवा समोरच्या वस्तूपर्यंत हात नेणे अतिशय कठीण जाते.

एक प्रयोग कोणीही करू शकते. दारात उभे राहून दोन्ही हातांच्या पाठी चौकटीवर अर्धा ते एक मिनिट जोराने दाबाव्यात आणि मग पुढे येऊन हात सैल सोडावेत. बहुतेकांचे हात आपोआप वर तरंगू लागतात. कोनस्टाम यांनी १९१५ साली वर्णन केलेल्या या घटनेत हात उचलण्याची आज्ञा आपण दिली नाही, अशी जाणीव स्पष्टपणे होते.

स्पिंडलच्या आतले तंतू जलद असतात की मंद?

नेहमीच्या वर्गवारीत ते बसत नाहीत. पिशवी-तंतूंमध्ये गर्भावस्थेतील आणि हृदयातील मायोसिनची रूपेही सापडतात, जी हातापायांच्या प्रौढ तंतूंत नसतात. याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. गर्भात संवेदी चेतातंतू एखाद्या कोवळ्या स्नायुतंतूला स्पर्श करतो आणि न्यूरेग्युलिन नावाचा रासायनिक संकेत देतो, तेव्हाच तो तंतू स्पिंडलचा होतो. तो स्पर्श झाला नाही तर स्पिंडल बनतच नाही. बाहेरच्या तंतूंना प्रेरक चेता घडवते, आतल्यांना संवेदी चेता.

चेता तुटून पुन्हा रुजली तर स्नायू पूर्ववत होतो का?

ताकद बरीचशी परत येऊ शकते. प्रेरक तंतू स्नायूपर्यंत पोहोचतात, मिळेल त्या स्नायुतंतूला धरतात आणि त्याला आपल्या प्रकारात बदलतात, त्यामुळे छेदात पुंजके दिसतात. जाणिवेचे मात्र तसे नाही. संवेदी तंतू परतताना चुकीच्या पत्त्यावर जाऊ शकतो, स्पिंडलऐवजी कंडरा-अवयवात किंवा भलत्याच जागी. प्राण्यांवरील अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आहे : चेता कापली गेल्यावर १ए तंतू मेरुरज्जूच्या आतील प्रेरक चेतापेशींवरच्या आपल्या जोडण्याही काढून घेतात, आणि स्पिंडल पुन्हा संदेश देऊ लागला तरी त्यांतील बऱ्याचशा परत जुळत नाहीत. म्हणून वजन उचलण्याइतका सावरलेला स्नायू अचानक ताणल्यावर प्रतिसाद देत नाही, आणि हालचालीतला नेमकेपणा मागेच राहतो. अशा व्यक्तीच्या पुनर्वसनात ताकदीच्या व्यायामांसोबत तोल, नेम आणि डोळे मिटून करायच्या हालचाली यांनाही तितकाच वेळ द्यावा लागतो.